पोकळ फरशी

परभणीत घर बांधलं तेव्हा फरशी बसवायला जिंतूरकडचा एक मिस्त्री आला होता. मोटारसायकलला लेव्हलची पट्टी बांधून तो आपल्या वेळेला यायचा आणि आपल्या वेळेला जायचा. चहा पुढे केला तरी हातातली फरशी बसेपर्यंत कपाकडे बघायचा नाही.

काम संपल्यावर दोन दिवसांनी तो न बोलावता आला. खिशातून नाणं काढून उकिडवा बसला आणि एकेक फरशी वाजवत घरभर सरकला. कोपऱ्यातली एक फरशी पोकळ वाजली, म्हणजे खाली सिमेंटचा माल कमी पडला होता. त्याने लगेच छिन्नी काढली.

"अहो, त्यावर कपाट येणार आहे," मी म्हणालो. "कुणाला कळणार?"

"मी ऐकलो की, साहेब." फोडता फोडता तो म्हणाला, "पयले गुत्तेदाराच्या हाताखाली व्हतो, तवा तो वाजवून बघायचा. आता माझा गुत्तेदार मीच हाय."

नवी फरशी बसवून तो गेला आणि पुन्हा दोन दिवसांनी येऊन त्याने ती वाजवली. आवाज भरीव आला. मी बघतोय की नाही, याकडे लक्ष न देता तो उठला आणि म्हणाला, "झालं काम."

मी तीस वर्षं कचेरीत कारकुनी केली. प्रत्येक कागद साहेबांपुढे धरायचा आणि त्यांची मान हलेपर्यंत उभं राहायचं. 'झालं काम' हे साहेबांच्या आधी म्हणायचं मला कधी सुचलंच नाही.