आमेनमावशीची हाक

नवे पाळक पहिल्यांदा प्रवचनाला पुलपिटावर चढले, त्या रविवारी चर्चच्या छपरातली कबुतरं जी उडाली ती म्हणे शेजारच्या देशात जाऊन स्थायिक झाली. निदान मंडळीचे सचिव तरी हे शपथेवर सांगत. घडलं ते असं. पाळक तरुण, किडकिडीत, पण नाकाखाली दोन माणसांना पुरून उरेल एवढी मिशी. आयुष्यातलं पहिलंच प्रवचन, विषय 'खचू नका'. सुरुवात बरी झाली. मग कागदातून मान वर काढायची चूक त्यांनी केली. समोर एवढी माणसं बघून पुढचं वाक्य कुठल्या कुठे पळालं. वारा नसताना हातातला कागद फडफडतोय. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून तोफ डागली गेली.

"आमेन!"

खिडक्यांची तावदानं थरथरली. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंचं कोपर ऑर्गनवर पडलं आणि त्यातून एक भयंकर सूर निघाला. सचिवांची कवळी जागची हलली. पाळकांना वाटलं, प्रभूचं दुसरं आगमन झालं, आणि तेही नेमकं आपल्या प्रवचनाच्या मधोमध. त्यांनी वर पाहिलं, तर फक्त पिसं तरंगत होती. पण त्या दचक्यात घशात अडकलेलं वाक्य सुटलं आणि त्याच्या मागोमाग पुढचंही आलं.

तोफ एका म्हातारीची होती. अंगानं इतकी लहान, की बाकावर बसली की पाय जमिनीला टेकत नसत. एवढ्या देहात एवढा आवाज ठेवला कुठे होता हे एक देवच जाणे. सगळे तिला आमेनमावशी म्हणत.

मावशीच्या आमेनला काळवेळ नव्हती. एकदा पाळक प्रवचन अर्धवट सोडून घाईघाईनं सूचना वाचू लागले, "मागच्या शौचालयाची कडी तुटली आहे," तर मावशी म्हणाली, "आमेन!" एका जोडप्याचं लग्न ठरल्याचं मंडळीत जाहीर करताना, कुणाची हरकत असल्यास, असं म्हणून पाळकांना ठसका लागला. मावशी गरजली, "आमेन!" नवऱ्या मुलाचा चेहरा पांढराफटक पडला आणि त्याच्या होणाऱ्या सासऱ्यांनी मान वळवून म्हातारीकडे असं पाहिलं, की जणू तिच्यापाशी काही पुरावा आहे. 'आपण सगळे पापी आहोत,' या वाक्यावर अडखळत पाळकांची नजर पहिल्या बाकावर गेली. तिथे सचिव बसले होते. "आमेन!" सचिवांनी ते कधीच विसरलं नाही.

मावशीचं सगळं आयुष्य कापडाच्या गिरणीत, मागाच्या शेडमध्ये गेलं होतं. नवराही तिथलाच. तो आधी गेला, मग गिरणी गेली. मावशी गिरणीमागच्या एका खोलीत राही. खाट, स्टोव्ह, खिडकीत एक रोपटं, भिंतीवर क्रूस. कापसाचा बारीक धुरळा तिच्या छातीत कायमचा बसला होता. आमेन म्हणून झालं, की ती बराच वेळ खोकत असे. लोकांना तोफ ऐकू येई, खोकला येत नसे. पाळकांना येई, पण त्यांनी तो मनावर घेतला नाही.

वर्ष सरलं. बिशपसाहेबांची भेट ठरली आणि सचिव पाळकांच्या घरी येऊन बसले.

"साहेब, मंडळीची काही शोभा आहे की नाही? बिशपसाहेबांसमोर ही बाई बॉम्ब टाकणार. लोक हसतात हो! म्हातारीला हसतात असं तुम्हाला वाटतं? तुम्हाला हसतात."

हे शेवटचं वाक्य वर्मी लागलं. पाळकांनाही रात्रंदिवस तेच वाटत होतं. आपलं प्रवचन म्हणजे एक विनोद, आणि मावशी त्याची टाळी.

दुसऱ्या दिवशी ते मावशीच्या खोलीवर गेले. तिनं खाटेवरची उशी झटकून त्यांना बसायला दिली, चहा ठेवला आणि अगदी त्यांच्या तोंडासमोर येऊन बसली.

"मावशी, आमेन शेवटी म्हणावं. एकदाच. हळू."

"परत सांग."

त्यांनी परत सांगितलं. मग तिसऱ्यांदा, बोटानं खुणा करून. मावशी त्यांच्या मिशीकडे टक लावून बघत राहिली.

"कोण म्हणतं असं?"

"मंडळी म्हणते."

"मंडळीचं राहू दे. तुला त्रास होतो का?"

पाळकांनी मान खाली घातली. नंतर कित्येकदा त्यांना वाटलं, त्या वेळी खोटं बोलायला हवं होतं. पण पाळकानं खोटं बोलू नये, आणि हा नियम पाळायला त्यांनी नेमकी तीच वेळ निवडली.

"थोडा होतो."

"बरं," मावशी म्हणाली. उठून तिनं स्टोव्ह बंद केला. चहा अजून उकळलाही नव्हता.

पुढच्या रविवारी मावशी आली, तिसऱ्या बाकावर बसली, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून. तोंड उघडलं नाही. चर्चमध्ये अशी शोभा नांदू लागली, की माशी बसली तरी आवाज यावा. पाळक मधेच अडकले. थांबले. वाट पाहिली. आपण कशाची वाट पाहतोय हे त्यांना तेव्हा कळलं. मग कसंबसं दोन वाक्यांत आटोपून ते खाली बसले. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. आणि बिशपसाहेब पहिल्या बाकावर बसलेले असताना तर ते असे अडकले, की लोक आधी खाली बघू लागले, मग घड्याळाकडे, शेवटी ऑर्गनच्या बाईंनीच दया येऊन गीताला सुरुवात केली.

घरी येऊन त्यांनी झगा खुंटीला टांगला.

"बास झालं," ते बायकोला म्हणाले. "तुझ्या भावाच्या हार्डवेअरच्या दुकानात जागा आहे म्हणाला होता ना तो? तिथे उपदेश करावा लागत नाही."

"खिळे मोजायला जमेल तुम्हाला?"

"खिळे निदान आपल्याकडे बघत बसत नाहीत."

बायको हसली नाही. म्हणाली, "जायचं तर जाऊ. मी कुठेही येईन. पण मावशींना सांगून या आधी. त्यांचं तोंड तुम्ही बंद केलंत, निरोपही तुम्हीच द्या."

मावशी खाटेवर उशांना टेकून बसली होती. श्वास असा चालला होता, जणू कुणी जुना दरवाजा उघडतंय आणि लावतंय. पाळकांनी खुर्ची जवळ ओढून सांगितलं, मी सोडून चाललो.

"मिशी वर धर," मावशी म्हणाली.

"काय?"

"मिशी वर धर आणि परत बोल. ओठ दिसत नाहीत मेले."

पाळकांनी दोन बोटांनी मिशी वर धरली आणि आयुष्यातलं सगळ्यात दुःखी वाक्य त्या अवस्थेत पुन्हा उच्चारलं. मग हळूहळू त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"मावशी, तुम्हाला ऐकू...?"

"ठार बहिरी आहे. मागांनी कान खाल्ले, कधीचेच. जवळून ओठ दिसले तर कळतं."

"मग माझी प्रवचनं?"

"एक नाही ऐकलं. तुझ्या आधीच्यांचंही नाही." ती जरा थांबली. "लोक म्हणतात, माझं फारसं काही बुडालं नाही."

पाळकांना हसू आलं आणि त्याच हसण्यात डोळे भरून आले. "मग आमेन कशाला म्हणत होतात?"

मावशीनं दम घेतला. "शेडमध्ये आवाज एवढा, की बाजूचा मेला तरी कळायचं नाही. म्हणून आम्ही चेहरे बघायचो. समोरच्या मागावरची बाई पेंगायला लागली, तोंड उतरलं, की जीव खाऊन हाक मारायची. नाहीतर तिचा हात मशिनीत जाणार. तिला शब्द नाही कळायचे. पण कुणीतरी आपल्याकडे बघतंय, एवढं कळायचं." ती खोकली. बराच वेळ खोकली. "तुझं तोंड दर रविवारी उतरायचं. म्हणून हाक मारायचे. चर्चमध्ये दुसरं काय ओरडणार? नाव घेऊन ओरडले असते तर सचिवाला झीट आली असती."

पाळकांचा मिशीवरचा हात तसाच राहिला होता.

"मावशी, या रविवारी म्हणाल?"

"तू असलास तर येईन."

"आहे मी."

"आणि तो झाडू काढून टाक तोंडावरचा. एकदा तरी बघू दे, म्हणतोस तरी काय."

रविवारी पाळक पुलपिटावर चढले तेव्हा नवीन पाळक आले की काय म्हणून मंडळीत कुजबुज झाली. मिशी गेली होती. वरचा ओठ लहान मुलासारखा उघडा पडला होता. मावशीला दोन शेजारणींनी धरून आणलं आणि तिसऱ्या बाकावर बसवलं. पाळक कागदातून मान वर काढून, तिच्याकडे बघत, सावकाश बोलू लागले. आणि ठरल्यासारखे अर्ध्यावर अडकले.

मावशी बाकाचा आधार घेऊन पुढे झुकली. मानेच्या शिरा ताठ झाल्या, छाती भरली, तोंड पूर्ण उघडलं. आमेन.

आवाज आलाच नाही. श्वासाची नुसती फुंकर. छपरात नव्यानं आलेली कबुतरं जागची हलली नाहीत. सचिवांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. सगळ्या चर्चमध्ये ते एकट्या पाळकांनी पाहिलं, तिच्या ओठांवर. आणि ते पुढे बोलू लागले.

उपासना संपल्यावर ते धावत तिसऱ्या बाकाशी गेले. मावशी घामानं भिजली होती, पण तोंडावर मोठं काम करून आल्याचं समाधान होतं.

"फार मोठ्यानं झालं का रे?" तिनं विचारलं. "सचिव रागावला असेल."

पाळक तिच्यासमोर गुडघ्यावर बसले, ओठ नीट दिसतील असे.

"कबुतरं उडाली, मावशी."

"बरं झालं," ती म्हणाली. "आणि ऐक, आज कळलं मला तू काय म्हणतोस ते. फार काही नाही त्यात. पण म्हणत राहा."

ती पुन्हा चर्चमध्ये आली ती शवपेटीतून. पाळकांनी तिच्यावर बोलायला सुरुवात केली आणि पहिल्या चार वाक्यांतच ते अडकले. तिसरा बाक रिकामा होता, कुणी तिथे बसायला धजलं नव्हतं. सचिव घसा खाकरून काही म्हणणार असं वाटलं, पण त्यांनी फक्त रुमाल काढला. पाळक खूप वेळ तसेच उभे राहिले आणि मग जे सुचलं ते बोलून त्यांनी प्रार्थना केली.

पाळक अजून त्याच मंडळीत आहेत. प्रवचन त्यांना आजही जमत नाही.