ठोसरबाईंचा तांबडा दिवा

ठाण्याच्या आमच्या कॉलेजात जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा डॉ. वसुधा ठोसर बर्फाच्या डब्याचे झाकण उघडत होत्या. आत गायींचे डोळे होते आणि ते सगळे माझ्याकडेच बघत होते. माझी बोबडी वळली. बाई म्हणाल्या, "घाबरलास? बरं झालं. घाबरणारा हात जपून चालवतो."

बाईंचा विषय जनावरांच्या दृष्टिपटलातील मेदाम्ले, म्हणजे फॅटी ॲसिड्स. दृष्टिपटल म्हणजे डोळ्याच्या आतला, उजेड टिपणारा नाजूक पडदा. त्यातली सर्वांत मोलाची मेदाम्ले उजेडाने आणि हवेने चटकन खराब होतात. म्हणून खिडक्यांना काळे कागद, एकच मिणमिणता तांबडा दिवा आणि "लवकर, लवकर" हा बाईंचा आवाज. त्या अंधाराची मला फार धास्ती वाटे.

डोळे कल्याणच्या कत्तलखान्यातून यायचे. एकदा बाई आणि मी रिक्षातून डबा आणत असताना बाळकुम नाक्याजवळ पोलिसांनी आम्हाला अडवले. हवालदाराने झाकण उचलले आणि तो मागेच सरकला. "ओ मॅडम, हे काय आणलंय?" माणसे जमली, आवाज चढले. मी रिक्षात आणखी आत सरकलो. बाईंनी परवानगीचे पत्र पुढे केले. "म्हशीचे डोळे आहेत. वाचा, आणि झाकण लावा. बर्फ वितळतोय." प्रयोगशाळेत पोचल्यावर त्यांनी आधी दाराला आतून कडी लावली. "मीही घाबरले होते रे," म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

परदेशी पुस्तके वाचून आम्ही विद्यार्थी प्रबंधात सवयीने 'गाय' लिहायचो. बाई ते खोडून 'म्हैस' करत. "जे डब्यात नाही, ते कागदावर नको."

माझ्या आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, तेव्हा बाई वर्तकनगरला आमच्या घरी डबा घेऊन आल्या. मी जरा बिचकतच झाकण उघडले. आत मुगाची खिचडी होती.

आता बाई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत, त्यानिमित्त हा गौरवग्रंथ निघतो आहे. मध्यंतरी त्यांचा फोन आला, "अरे, दाराची चौकट मला मधेच वाकडी दिसते." त्यांच्याच दृष्टिपटलाचा मध्यभाग बिघडतो आहे. डोळ्यात इंजेक्शने सुरू आहेत. नजर किती टिकेल, ते डॉक्टर सांगत नाहीत.

"भीती वाटते का, बाई?"

"वाटते ना. सोमवारी इंजेक्शन आहे, रिक्षा घेऊन ये."

या लेखाच्या सुरुवातीलाच मी मुद्दाम एक चूक ठेवली आहे. डब्यात गायींचे डोळे कधीच नव्हते. संपादकांनी ती सुधारू नये, आणि कुणी बाईंना हा लेख वाचून दाखवू नये. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, हे तर मागतोच. पण ग्रंथ हाती पडताच ती चूक त्यांना स्वतःला दिसावी आणि फोनवर मला त्यांची बोलणी खावी लागावीत, एवढ्यासाठी माझा जीव टांगणीला लागला आहे.