दुसऱ्याच्या दमावर

गंगापूर धरणाच्या बाजूला एक वाइनरी आहे. तिथं दर शनिवारी संध्याकाळी मी सॅक्सोफोन वाजवतो, असं नऊ वर्षं लोक समजत आले. त्यातली शेवटची धून मी वाजवत नव्हतो. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

शिकलो सिन्नरला, एका बँडपार्टीच्या मास्तरांकडे. वरातीतलं धांगडधिंग्याचं गाणं मास्तर घरी खाटेवर बसून सॅक्सोफोनवर इतकं संथ, मऊ करायचे की दारातून जाणारी माणसं थांबायची. सरावासाठी म्हणून मी ते फोनवर रेकॉर्ड केलं. पुढे वाइनरीच्या मॅनेजरनं नमुना मागितला. मी चार वेळा वाजवून बघितलं आणि चारही वेळा वरचा सूर चिरकला. मग मास्तरांचं पाठवून दिलं. म्हटलं, एवढं एकदाच.

मॅनेजरला नेमकी तीच धून आवडली. दर शनिवारी शेवटी तीच पाहिजे. मग साथीला लावायच्या पियानोच्या रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकमध्येच मास्तरांचं वाजवणं मिसळून घेतलं आणि न फुंकता नुसती बोटं हलवू लागलो. घरी रोज तासन्‌तास तीच धून घासायचो. सूर सगळे जागेवर, पण मऊपणा येईना. चिडून एकदा सॅक्सोफोन पलंगावर आपटलाही.

मास्तर विचारायचे, ‘‘तिकडं काय वाजवतो रे? एकदा ने की मला.’’

‘‘मास्तर, तिथं लोक दारू पितात.’’

‘‘मंग वरातीत काय ताक पितात?’’

तरी नेलं नाही.

मागच्या हिवाळ्यात वाइनरीच्या लॉनवर लग्न होतं, त्यासाठी मास्तरांचीच पार्टी आली. दम्यामुळे मास्तर आता वाजवत नव्हते, नुसते सोबत यायचे. वरात संपल्यावर ते मी वाजवायचो त्या हॉलच्या पायरीवर येऊन टेकले. त्यांचा बँडचा लाल कोट दिसला तेव्हा माझी शेवटची धून सुरू झाली होती. ट्रॅक थांबवायचा धीर झाला नाही. त्यांच्यासमोर मी अख्खी धून बोटं हलवत उभा राहिलो.

मग पायरीवर जाऊन बसलो.

‘‘बोटं बराबर पडली,’’ ते म्हणाले. ‘‘पण मुखड्याच्या आधी धप्प वाजतं ना, तो माझा पाय हाय. ढोलवाल्याला खूण करायची सवय, खाटेवर बसून पण जात नाय. सोंग करायचं तर पाय तरी आपटायचा, लेका!’’

नऊ वर्षं मी तो आवाज ऐकत होतो. मला वाटायचं, रेकॉर्ड करताना फोन हलला असेल.

‘‘चुकलं, मास्तर. माफ करा.’’

‘‘वाजवलं त्याचं काय नाय रे. पण माझंच वाजत होतं, तर मला ऐकायला का नाय बोलावलं?’’

तेवढ्यात टेम्पोवाल्यानं हाक मारली, तसे ते गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि गेले.

आठवड्यानं मॅनेजरला सगळं खरं सांगितलं. तो हसला. ‘‘सर, गेस्टला काय कळतंय? चालू द्या तसंच.’’ एवढ्या वर्षांचं ओझं आणि त्याला ते उचलूनसुद्धा बघायचं नव्हतं.

त्या शनिवारी मास्तरांचं वाजवणं ट्रॅकमधून काढून टाकलं आणि मी स्वतः फुंकलं. वरचा सूर चिरकला. एकाही टेबलावरची मान वळली नाही. ग्लास उचलता उचलता वेटर तेवढा म्हणाला, ‘‘सर, आज ट्रॅक खराब झाला का?’’

‘‘नाही,’’ म्हटलं, ‘‘आज मी वाजवलं.’’