काशाची थाळी आणि हेमराजभाऊंची शिट्टी

डिसेंबरातला दुसरा रविवार. पहाटे दाट धुकं, आठनंतर स्वच्छ ऊन, वारा अजिबात नाही. वारा नाही हे मुद्दाम लिहितो, कारण उघड्यावरच्या बास्केटबॉलमध्ये वारा हा सहावा खेळाडू असतो आणि तो कोणाच्या बाजूनं आहे हे शेवटपर्यंत कळत नाही. भंडाऱ्यात जिल्ह्याच्या मुलींची फायनल होती. सानगडी विरुद्ध तुमसर.

मी या सामन्यांमध्ये टेबलावर बसून गुण लिहितो. स्वतः कधी खेळलो नाही. माझं भांड्यांचं दुकान आहे आणि रविवारी ते बंद असतं. एकाच टेबलावर वर्षानुवर्षं बसलं की किस्से साचत जातात. गुणपत्रकात बास्केट आणि फाऊल लिहायला जागा असते, किश्शांना नसते, त्यामुळे ते डोक्यातच राहतात आणि चार ओळखीची माणसं चहाला बसली की बाहेर पडतात.

त्या दिवशी ते बाहेर निघायला कारण झाले निरीक्षक. हे नागपूरहून आलेले गृहस्थ. चहाचा कप हातात घेऊन त्यांनी आम्हाला विचारलं, "मला एक सांगा. आठवडाभर आपापली कामं, त्यात रविवारी हे ऊन, ही धूळ, वरून लोकांच्या शिव्या. तुम्ही पंच व्हायला येता तरी का?"

पंच शेंडे मॅडम हसल्या. टेबलावर वेळ सांभाळणाऱ्या खुशालनं बिस्कीट चहात बुडवलं. आमचे जुने पंच हेमराजभाऊ मात्र कपात बघत राहिले, कारण निरीक्षक कशासाठी आले आहेत हे आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. हेमराजभाऊंना नीट ऐकू येत नाही अशी तक्रार वर गेली होती. फायनलमध्ये त्यांचं काम पाहून त्यांना पंचांच्या यादीत ठेवायचं की काढायचं, हे निरीक्षक त्याच दिवशी ठरवणार होते.

*

हेमराजभाऊ चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत काम करतात. जमिनीखाली, ड्रिल मशीनवर. इतकी वर्षं तो आवाज कानाशी घेतल्यावर कान किती साथ देणार? उंच माणूस, चालणं सावकाश, पण शिट्टी तोंडात गेली की पाय एकदम पंचविशीतले होतात.

मी त्यांना एकदा विचारलं होतं, "भाऊ, तुम्ही यात कसे पडलात?"

ते म्हणाले, "खाली भोंगा वाजला का उतरा, भोंगा वाजला का चढा. साऱ्या आयुष्यात दुसऱ्याचाच भोंगा ऐकला गा. एतवारी मी वाजवतो आन् दुनिया थांबते. एवढंच."

त्यांच्या कानांचा एक फायदाही आम्ही पाहिला. तुमसरला एक सामना होता. तिथल्या मुलींचे कोच पहिल्या मिनिटापासून हेमराजभाऊंवर तोंडसुख घेत होते. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मध्यंतराला हेमराजभाऊ टेबलाजवळ आले आणि मला म्हणाले, "कोच साहेब कवापासून काही तरी मागून राहिले बिचारे. घसा सुकला असन. त्यायले पाणी पाठवा."

मी पाणी पाठवलं. कोचनी ग्लास हातात घेतला, हेमराजभाऊंकडे पाहिलं. हेमराजभाऊंनी दुरून नमस्कार केला. दुसऱ्या हाफमध्ये कोच एक शब्द बोलले नाहीत.

भाऊंना खरंच ऐकू आलं नव्हतं का, हे मी आजवर विचारलेलं नाही.

*

शेंडे मॅडम सानगडीच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका. पंच होण्याचा त्यांचा काही विचार नव्हता. एकदा शाळेच्या मुलींना घेऊन सामन्याला गेल्या आणि पंचच आले नाहीत. दोन्ही संघ उन्हात उभे. मॅडमनी पदर खोचला, शिट्टी मागून घेतली आणि सामना सुरू केला. पहिलाच फाऊल त्यांनी स्वतःच्या शाळेच्या कॅप्टनवर दिला.

कॅप्टन रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, मी तुमचीच आहो ना."

"सामना संपला का परत माझी होजो," मॅडम म्हणाल्या.

तेव्हापासून रविवारी घर सोडून जाणं सुरू झालं आणि घरी सासूबाईंची कुरकुर सुरू झाली. "एतवारी कायले जातेस वो? कोणतं तिथं लग्न लागून राहिलं?" शेवटी मॅडम एके रविवारी त्यांनाच सोबत घेऊन आल्या. आमच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकली. सासूबाईंनी पूर्ण सामना डोळ्याची पापणी न हलवता पाहिला. सून हात वर करते आणि धावणाऱ्या दहाजणी जागच्या जागी थांबतात, हे त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच पाहिलं असावं. प्रत्येक खुणेचा अर्थ मला विचारून घेतला. फाऊलची वर केलेली मूठ, बॉल हातात घेऊन चालल्याची हातांची गिरकी, आणि उद्धट बोलणाऱ्यासाठी दोन हातांचा टी.

पुढचं मॅडमनीच सांगितलं. दोन दिवसांनी सासरे जेवायला बसले आणि भाजीत मीठ जास्त झालं म्हणून ओरडू लागले. सासूबाईंनी परात खाली ठेवली आणि दोन्ही हातांचा टी करून त्यांच्यासमोर धरला.

सासऱ्यांनी सुनेला विचारलं, "हे काय होय?"

मॅडम म्हणाल्या, "मामाजी, तोंड चालवल्याचा फाऊल. आणखी एक झाला का मैदानाच्या बाहेर."

आता सासूबाई रविवारी सकाळी मॅडमचा डबा स्वतः भरतात.

*

सानगडीचाच आणखी एक सामना. दिवस धान निघाल्याचे होते. आम्ही सकाळी पोचलो तर सिमेंटच्या कोर्टाच्या एका टोकाला, थेट बास्केटखाली, कोणीतरी धान वाळत घातलं होतं. गावात वाळवायला तेवढी गुळगुळीत जागा दुसरी नाही, हे आम्हालाही मान्य होतं. धानाचा मालक बाजूला झाडाखाली बसला होता.

हेमराजभाऊ त्याला म्हणाले, "बावाजी, सामना हाय. धान हलवा ना."

"आता पसरवलं. ऊन जाते ना मंग," तो म्हणाला. "तुमी खेळा. माझं धान तुमाले काही म्हणत नाही."

मग हेमराजभाऊंनी दोन्ही कॅप्टनना बोलावलं. सामना अर्ध्या कोर्टावर, एकाच बास्केटवर होईल. बॉल धानात गेला तर आऊट. इथपर्यंत कुठलाही पंच ठरवील. पण पहिल्यांदा बॉल धानात गेला तेव्हा सानगडीची मुलगी काठाशी जाऊन थांबली आणि खाली बसून बुटांच्या नाड्या सोडू लागली. अन्नावर पायतण घालून कसं जायचं? समोरच्या संघाची मुलगी ओरडली, "सर, टाईमपास करून राहिली!"

हेमराजभाऊंनी शिट्टी वाजवली आणि टेबलाकडे बघून घड्याळ थांबवण्याची खूण केली. मुलीनं बूट काढले, पावलं जपून टाकत बॉल आणला, परत बूट घातले, नाड्या बांधल्या. मग घड्याळ सुरू. पूर्ण सामनाभर प्रत्येक वेळी असंच झालं, दोन्ही संघांना. तक्रार करणारी ती मुलगीसुद्धा पुढच्या वेळी आपणहून बूट काढून गेली. नियमांच्या पुस्तकात असं काही नाही. मी गुणपत्रकाच्या तळाशी शेऱ्यात लिहिलं: "धानासाठी वेळ थांबवला."

सामना संपल्यावर झाडाखालचा मालक उठून आला आणि माझ्या खांद्यावरून डोकावत म्हणाला, "मंग, माझं धान किती पॉइंटनं जिकलं?"

*

खुशालचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं. नवीन वसाहतीत घर मिळालं. आता तो धरणात मासे पकडतो आणि रविवारी आमच्या टेबलावर वेळ सांभाळतो. जुन्या गावच्या शाळेत बास्केटबॉलचं एक कोर्ट होतं, त्यावर तो लहानपणी खेळला. रिंग आणि बोर्ड लोकांनी गाव सोडतानाच काढून नेले, लोखंडी खांब तेवढा राहिला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्या खांबाचं टोक वर दिसतं. खुशाल आपला डोंगा त्याला बांधतो आणि जेवतो.

"तिथंच कायले जेवतोस?" मी विचारलं.

तो म्हणाला, "काका, कोर्ट माझं अजूनही तिथंच हाय. फक्त आऊटची जागा थोडी जास्त झाली."

मोठ्या शहरांतल्या हॉलमध्ये वेळ संपली की बोर्डाच्या मागे आपोआप लाल दिवा लागतो आणि बझर वाजतो. आमच्याकडे खुशाल आहे आणि माझ्या दुकानातली काशाची थाळी आहे. वेळ संपली की तो लाकडी दांडक्यानं थाळीवर एकच ठोका देतो. थाळी वाजण्याआधी बॉल हातातून सुटला असेल तर बास्केट धरायची, नंतर सुटला तर नाही. म्हणजे शेवटच्या क्षणी पंचाचा डोळा हातावर हवा आणि कान थाळीकडे.

हेमराजभाऊंचे कान कमी झाल्यावर या दोघांनी आपसांत एक पद्धत बसवली होती. शेवटच्या सेकंदांत खुशाल उभा राहायचा, दांडकं डोक्यावर उंच धरायचा आणि मग खाली आणायचा. हेमराजभाऊ टेबलासमोरच्या बाजूनं अशा कोनात उभे राहत की खेळाडूचा हात आणि खुशालचं दांडकं एकाच नजरेत येई. त्यांचा निर्णय एकदाही चुकलेला मला आठवत नाही. तक्रार करणाऱ्याला मात्र हे कोण सांगणार?

फायनलच्या आधी, निरीक्षक मैदान बघायला गेले तेव्हा, हेमराजभाऊ हळूच मला म्हणाले होते, "शिट्टी गेली तर एतवारी मी काय करू सांगा? घरी बसून भिंतीकडे पाहू?" हळूच म्हणजे त्यांच्या हिशोबानं हळूच. चार खुर्च्यांपलीकडे ऐकू गेलं.

*

तर ती फायनल. हेमराजभाऊंच्या जोडीला येणारे दुसरे पंच तापानं आडवे झाले. उरल्या शेंडे मॅडम, आणि खेळत होती त्यांचीच शाळा. मॅडम म्हणाल्या, "मी नाही उतरत. बरं दिसत नाही." निरीक्षकांनी तुमसरच्या कोचना विचारलं. हे तेच पाण्याचा ग्लास मिळालेले कोच. ते म्हणाले, "शेंडे मॅडम हायेत ना? मंग चालते."

सामना शेवटपर्यंत अटीतटीचा झाला. शेवटचे काही सेकंद राहिले तेव्हा तुमसर एका गुणानं पुढे आणि बॉल सानगडीकडे. खुशाल उभा राहिला, दांडकं डोक्यावर धरलं. त्याच वेळी बाजूची सगळी माणसं उठून टेबलासमोर आली. मला कोर्टच दिसेनासं झालं. म्हणजे कोर्टावरून हेमराजभाऊंना खुशाल दिसत नव्हता.

सानगडीच्या कॅप्टननं बॉल फेकला, पण नेमका केव्हा ते मला दिसलं नाही. थाळी वाजली. डोक्यांवरून दिसलं ते एवढंच, की बॉल रिंगवर फिरून आत पडला.

गर्दी बाजूला झाली तेव्हा सानगडीच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या आणि तुमसरच्या मुली हात हलवून "नाही, नाही" करत होत्या. खुशालची नजर घड्याळावर होती, हात त्याला दिसला नव्हता. सगळे हेमराजभाऊंकडे बघत होते. फेकणारी मुलगी त्यांच्यापासून दोन हातांवर होती. त्यांनी कुठलीही खूण केली असती तरी कोणी हरकत घेतली नसती. निरीक्षक खुर्चीवरून उठून उभे राहिले होते.

हेमराजभाऊंनी शिट्टी तोंडातून काढली, कोर्ट ओलांडून शेंडे मॅडमकडे गेले आणि नेहमीच्या आवाजात, म्हणजे साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाले, "मॅडम, हात मले दिसला. थाळी मले ऐकू नाही आली. तुमाले आली काय?"

"आली, भाऊ."

"थाळी वाजली तवा बॉल कुठं होता?"

मॅडमनी आपल्या मुलींकडे पाहिलं. कॅप्टनही त्यांच्याकडेच बघत होती.

"हातात होता," मॅडम म्हणाल्या, आणि बास्केट रद्द केल्याची खूण स्वतःच केली.

हेमराजभाऊंनी टेबलाकडे वळून तीच खूण मला परत दाखवली. मग शिट्टी गळ्यातून काढून मुठीत धरली आणि निरीक्षकांकडे चालत आले. समोर उभे राहिले.

निरीक्षक त्यांच्याकडे न बघता खुशालला म्हणाले, "बोर्डाच्या मागे लावायला लाल दिवा इथं कुठं मिळेल?"

"भेटते ना सर, बाजारात."

"पुढच्या रविवारच्या आत लावून घ्या. थाळीबरोबर तोही लागला पाहिजे. यांचा सामना आहे."

मी गुणपत्रक पूर्ण केलं आणि सहीसाठी हेमराजभाऊंपुढे ठेवलं. तुमसर अडतीस, सानगडी सदतीस.