भागुअक्काची उपकारस्तुती

माझी मावशी भागुबाई हिला चामराजपेटेतली आमची मंडळी भागुअक्का म्हणत. मंडळी म्हणजे तरी किती, बेळगाव-निपाणीकडून नोकरीसाठी बेंगळुरात आलेली मोजकी मराठी ख्रिस्ती घरं. रविवारी मोठ्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, कानडी उपासनेला बसायचं आणि शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी मराठीतून सभा भरवायची, असा रिवाज होता. मावशी मिशनच्या पगारावर घरभेटी करायची. आजारी माणूस, बाळंतीण, दारुड्याची बायको, नापास झालेली मुलगी, कुणीही असो, मावशी तिथं हजर. मी तिच्याकडेच वाढले आणि पुढे शाळेत शिकवू लागले. खरं सांगायचं तर तिच्या या फेऱ्यांचा मला वैताग यायचा. लोक आपलं सगळं रडगाणं तिच्या पदरात टाकून मोकळे व्हायचे, आणि ती घरी येऊन गार भात खायची.

पण तिच्या बोलण्यात काहीतरी होतं, हे मी नाकारणार नाही. ती उपदेश करत नसे. दुखणाईताच्या उशाशी बसून ‘देवाची इच्छा’ हे शब्द तिनं कधी तोंडातून काढले नाहीत. आधी ऐकून घ्यायची, मग उठून त्यांच्याच चुलीवर चहा टाकायची आणि म्हणायची, “आजचा दिवस काढू या. स्वल्प धीर धर.” गुंडू सुतार दारू सोडताना थरथरत होता, तेव्हा तो गुत्त्याकडे जाऊ नये म्हणून ती त्याच्या उंबऱ्यावरच तांदूळ निवडत बसली. त्याला रागावली नाही. “बस की रे, मला सोबत होईल,” एवढंच म्हणाली. तो बसला.

एकोणीसशे अठ्ठावन्न साली तिला प्रेमाच्या पदरावर रक्त दिसलं. प्रेमा म्हणजे विमानाच्या कारखान्यात काम करणाऱ्या मधुकरची बायको. मागच्या अंगणात धुणं धुताना खोकल्याची उबळ आली आणि तिनं पदरानं तोंड पुसलं, ते मावशीनं पाहिलं. प्रेमाची सासू कस्तुराबाई हिची थोरली मुलगी क्षयानं गेली होती. त्या घरात त्या रोगाचं नावसुद्धा काढायची सोय नव्हती.

“घरात कळलं तर हेमाला माझ्याजवळ ठेवणार नाहीत, अक्का,” प्रेमा म्हणाली. हेमलता तिची मुलगी, नुकती पाऊल टाकू लागलेली. “मला माहेरी टाकून देतील. त्यापेक्षा मी मेलेली बरी.”

“मरायचं नाही आणि माहेरीही जायचं नाही,” मावशी म्हणाली. “माझ्याबरोबर दवाखान्यात यायचं. माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही.”

मंडळीतल्या बायकांची शिवणसभा भरत असे. तिथं जातो असं सांगून दोघी बसनं क्षयाच्या सरकारी दवाखान्यात जायच्या. प्रेमा सुई टोचून घ्यायला घाबरायची. गोळ्यांनी तिला मळमळायचं. दर वेळी ती म्हणायची, आता पुरे. दर वेळी मावशी तिला गोडीगुलाबीनं बसमध्ये चढवायची. परत येताना तिला हेमाबद्दल बोलतं करायची, ती काय खाते, कुणाला बघून हसते. लेकीला जवळ झोपवू नकोस, तुझं भांडं वेगळं ठेव, हेही हळूच सांगायची. सात-आठ महिन्यांत प्रेमाच्या गालांवर मांस आलं. सासूला वाटलं, शिवणसभा सुनेला मानवली.

मग तो शुक्रवार आला. सकाळीच डॉक्टरांनी सांगितलं होतं की थुंकीत आता जंतू दिसत नाहीत, मात्र औषध अजून वर्षभर सोडायचं नाही. मावशी दिवसभर गुणगुणत होती. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं असं आता वाटतं, पण तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

सभा मंडळीतल्या मालनबाईंच्या घरी होती. शेवटी उपकारस्तुती असायची. एकेकानं उभं राहून, डोळे मिटून, देवानं केलेले उपकार मोठ्यानं बोलून दाखवायचे. मनातल्या मनात आभार मानणं म्हणजे देवाचा मान चोरून ठेवणं, असं आमच्यात मानत. आणि नाव घेऊन बोलायचं, मोघम नाही. मावशीची पाळी आली. गुंडूचं नाव झालं, एका बाळंतिणीचं झालं. मग ती म्हणाली,

“बापा, आमच्या प्रेमाच्या छातीतला क्षय तू काढून घेतलास. आज तिची थुंकी स्वच्छ निघाली. तुझे उपकार किती मानू.”

मी डोळे उघडले. प्रेमाचे उघडेच होते आणि ती सासूकडे बघत होती. मावशी डोळे मिटून बोलतच होती, चेहऱ्यावर नुसता आनंद. तिचं आमेन होण्याआधी कस्तुराबाईंनी हात लांब करून हेमलताला प्रेमाच्या मांडीवरून उचलून घेतलं.

घरी आल्यावर मी मावशीला नाही नाही ते बोलले. देवाला माहीत नव्हतं का, की तुला बोंबलून सांगावं लागलं? तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. “मी त्याच्याशी बोलत होते गं,” ती म्हणाली. “मला तिथं दुसरं कुणी दिसतच नव्हतं.” हे खरं होतं, म्हणून तर मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी ती मधुकरच्या दारात गेली. कस्तुराबाईंनी तिला आत घेतलं नाही. “तुम्ही प्रार्थना केलीत ते बरं केलंत, अक्का,” त्या म्हणाल्या. “नाहीतर आम्हाला कुणी सांगितलं असतं? एक लेक मी पुरली आहे. आता नात पुरायची नाही मला.” त्या बाईलाही मी दोष देत नाही. मधुकरला देते. औषध अर्धवट सोडलं तर रोग उलटतो, असं मावशीनं त्याला हात जोडून सांगितलं. तो “सरी, बरं अक्का, बघतो” म्हणाला, आणि त्याच आठवड्यात प्रेमाला रेल्वेनं माहेरी पोचवून एकटाच परतला. निपाणीजवळच्या त्या खेड्यात लाल औषध देणारा एक कंपाउंडर होता, बस्स.

मंडळी मावशीची समजूत घालू लागली. चांगल्या हेतूनंच बोललात की, म्हणे. हेतू घेऊन काय चाटायचंय, असं माझ्या अगदी ओठावर यायचं. मावशी मान हलवायची. शुक्रवारी ती येऊन बसायची, पण पाळी आली की पुढच्याला खूण करायची. तिचा विश्वास थंडावला, असं लोक कुजबुजू लागले.

पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिला घेऊन त्या खेड्यात गेले. प्रेमाला गोठ्यालगतच्या खोलीत ठेवलं होतं. अंथरुणात माणूस आहे की नाही, हे नीट बघावं लागत होतं. तिनं हेमाबद्दल विचारलं. हेमा बोलू लागली आहे, असं मावशीनं सांगितलं. आजीला ती आई म्हणते, हे सांगितलं नाही.

मग मावशीनं तिचा हात हातात घेतला, डोळे मिटले आणि गप्प बसून राहिली. ओठसुद्धा हलू दिले नाहीत.

“मोठ्यानं म्हणा, अक्का,” प्रेमा म्हणाली. “माझं नाव घेऊन म्हणा. आता कुणापासून लपवायचंय?”

मावशीनं तोंड उघडलं. सगळ्या चामराजपेटेला धीर देणारी ही बाई, पण तिच्या गळ्यातून शब्द फुटेना. ती प्रेमाच्या हातावर कपाळ टेकून रडू लागली. प्रेमा माझ्याकडे बघू लागली.

मी कधी कुणासाठी प्रार्थना केली नव्हती.

“देवा, ही प्रेमा,” मी म्हणाले. पुढं काय मागायचं ते मला कळेना, म्हणून मी तेच पुन्हा म्हणाले.