पाठ फिरवून पाहिलेला सामना

तराजूसरांच्या कॉलेजात फुटबॉलचा संघ नव्हता, आणि हीच त्यांची सर्वांत मोठी लायकी ठरली होती. पूर्वी मैदान होतं, पण त्यावर प्रयोगशाळेची इमारत उभी राहिली. मैदान गेलं, संघ गेला, क्रीडाशिक्षक तेवढा मागे राहिला. मग महाविद्यालयांच्या क्रीडामंडळाने विचार केला की ज्याला स्वतःचा संघच नाही तो बाजू तरी कोणाची घेणार? तेव्हापासून हंगामाच्या शेवटी, मोठ्या स्पर्धेच्या आधी, मुलांचे संघ पाहून कोण किती पाण्यात आहे हे सांगायचं काम त्यांच्याकडे आलं. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं आणि ते सगळ्यांचे तराजूसर झाले.

उंच, काटकुळा माणूस. डोक्यावर कापडी टोपी, काखेत घडीचं स्टूल, खिशात भाजलेले शेंगदाणे. विद्यार्थी असताना ते कॉलेजच्या संघात राखीव गोलरक्षक होते आणि शेवटपर्यंत राखीवच राहिले. पहिला गोलरक्षक ना कधी आजारी पडला, ना त्याच्या घरी ऐन सामन्याच्या दिवशी कोणाचं लग्न निघालं. सरांनी सगळं फुटबॉल बाकावर बसून पाहिलं. खेळायला मिळालं नाही, पण नजर तयार झाली.

त्या बाकावरच त्यांचा नियम जन्माला आला. जिंकताना सगळेच संघ देखणे दिसतात. संघ पाहायचा तर हरताना पाहायचा. गोल झाल्यावर जाळ्यातला चेंडू उचलायला कोण धावतो, आपल्याच गोलरक्षकाकडे कोण डोळे वटारतो आणि कोणाला नेमकी तेव्हाच बुटाची नाडी बांधायची आठवण होते, एवढं सर पाहत. सामना कोण जिंकलं हे त्यांना कधीकधी घरी आल्यावर बायकोने विचारलं की आठवतही नसे.

घरातही तोच खाक्या. लेकीने तिच्या पसंतीचा मुलगा घरी आणला तेव्हा सरांनी चहाच्या आधी पत्ते मांडले आणि त्याला डावामागून डाव हरवलं. पोरगा हरत गेला, पण दरवेळी पत्ते नीट पिसून समोर ठेवत गेला. सर आत येऊन म्हणाले, "चालेल." बायको म्हणाली, "जावई काय आणि गोलरक्षक काय, तुम्हाला सगळे सारखेच!"

यंदा सात संघ सहज ठरले. आठव्या जागेवर घोडं अडलं. पिवळ्या शर्टांचा संघ आणि निळ्या शर्टांचा संघ गुणांमध्ये अगदी बरोबरीत. निळ्यांचे प्रशिक्षक होते कर्नल. सैन्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता, सगळी करामत मिशांची होती. आणि पिवळ्यांचे प्रशिक्षक होते सरांचे सख्खे साडू.

साडू यंदा निवृत्त होणार होते. साऱ्या नोकरीत त्यांचा संघ मोठ्या स्पर्धेत एकदाही पोचला नव्हता. दर वर्षी अगदी दाराशी यायचा आणि दार लागायचं. यंदा पोचला तर पोचला, नाहीतर साडू हात हलवत घरी जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा म्हटल्यावर सरांच्या स्वयंपाकघरातही ते पोचलंच.

"अहो, यंदा घ्या हो त्यांना आत. शेवटचं वर्ष आहे."

"संघ चांगला असला तर येईल."

"आणि नसला तर?"

"तर साडू फार चांगला आहे, असं मी मंडळाला कळवीन."

सरांनी मंडळाच्या कार्यवाहांना फोन करून सांगितलंही, "पिवळ्यांचा प्रशिक्षक माझा साडू आहे. दुसरा कोणीतरी माणूस पाठवा."

"दुसरा माणूस कर्नलचा व्याही आहे," कार्यवाह म्हणाले. "त्यापेक्षा तुम्हीच बरे. एक सरावसामना लावतो. दोन्ही संघ एकदम बघा आणि संध्याकाळपर्यंत नाव सांगा."

रविवारी सकाळी पिवळ्यांच्या मैदानावर सामना लागला. सरांनी स्टूल उघडलं, टोपी सारखी केली. पंचांनी शिट्टी वाजवली आणि खेळ सुरू झाला.

निदान सुरू झाल्यासारखा दिसला.

पिवळ्यांचा झिपऱ्या नावाचा आघाडीचा पोरगा चेंडू घेऊन सुसाट निघाला. दोन निळे त्याला आडवे यायच्या ऐवजी अदबीने बाजूला झाले. समोर निळ्यांचा गोलरक्षक. अंगापिंडाने असा की त्याला सगळे भिंत म्हणत. ही भिंत एक पाऊल डावीकडे सरकली. मग आणखी एक. गोल उघडा पडला. झिपऱ्या गोलसमोर थबकला, त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि चेंडू मागे, थेट मैदानाच्या आपल्याच अर्ध्या भागात पाठवून दिला.

"शाब्बास!" साडू ओरडले. "घाई नको! आधी त्यांना येऊ दे!"

"भिंत, अजून सरक!" पलीकडून कर्नल गरजले. "पाहुण्यांना वाट दे!"

सरांच्या तोंडात शेंगदाणा तसाच राहिला.

नंतर निळे चढाई करून आले, तर पिवळ्यांचा गोलरक्षक पाय फाकवून उभा. एका निळ्याकडून चुकून चेंडूला जोरात पाय लागला आणि चेंडू गोलकडे निघाला. पिवळ्यांचे चेहरे उजळले. चेंडू खांबावर आपटून परत आला तेव्हा दोन्हीकडून एकाच वेळी "च्च!" झालं, एका बाजूने दुःखाचं, दुसऱ्या बाजूने सुटकेचं.

शेवटी पिवळ्यांच्या एका बचावपटूला राहवेना. आपल्याच गोलसमोर त्याने येणारा चेंडू दोन्ही हातांनी, तान्हं बाळ घ्यावं तसा अलगद झेलला आणि पंचांकडे आशेने पाहिलं. पंचांनी पेनल्टी दिली. निळ्यांचा कप्तान लांबून पळत आला आणि त्याने चेंडू असा उडवला की तो सायकली ठेवायच्या शेडच्या पत्र्यावर जाऊन धडाम आदळला. निळ्या पोरांनी धावत जाऊन त्याला मिठ्या मारल्या. पिवळे डोकं धरून खाली बसले.

"अहो सर," पंच सरांजवळ येऊन हळूच म्हणाले, "हा कुठला खेळ आहे? नियम सांगा, म्हणजे शिट्टी वाजवायला बरं."

मध्यंतराला शून्य-शून्य. सरांनी दोन्ही प्रशिक्षकांना बोलावून घेतलं.

"साडूभाऊ, हे काय चाललंय?"

साडूंनी जमिनीकडे पाहिलं. "तुम्ही संघ हरताना बघता ना? मग आधी एक गोल खायला नको? तो खाल्ल्याशिवाय आम्ही कसे सावरतो ते तुम्हाला दिसणार कसं?"

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आमच्या हिने. तिला तिच्या ताईने."

सर कर्नलांकडे वळले. कर्नलांच्या मिशा जरा खाली आल्या. "मलाही आमच्या हिनेच सांगितलं. ती आणि तुमच्या मिसेस एकाच शिवणवर्गाला जातात."

सरांनी तिथल्या तिथे घरी फोन लावला. बायकोने एका वाक्यात कबूल केलं. वर म्हणाली, "मग काय करणार? बहिणीला सांगितलं आणि कर्नलीणबाईंना नाही, तर लोक काय म्हणाले असते? तुमच्या नावाला बट्टा नको म्हणून दोघींना सांगितलं. अगदी सारखंच सांगितलं हो, एका शब्दाचा फरक नाही!"

सरांना खरंतर रागवायचं होतं. त्यांनी तोंड उघडलंही. पण त्यांना तो अलगद झेललेला चेंडू आठवला आणि आतून हसू असं उसळलं की शेंगदाणा भलत्याच वाटेने गेला. कर्नल पाठीवर थापा मारायला लागले, साडू पाणी घेऊन धावले, आणि सर ठसकता ठसकता हसत होते, हसता हसता ठसकत होते. बाजूला उभे असलेले पिवळे-निळेही आता एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून खिदळत होते. सकाळपासून दाबून धरलेलं सगळं बाहेर पडलं.

हसू ओसरल्यावर मात्र पंचाईत तशीच समोर उभी होती. संध्याकाळपर्यंत नाव द्यायचं होतं. अर्धा सामना वाया गेला होता. साडूंच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं होतं आणि ते आपल्या सदऱ्याची कड चोळत होते.

सरांनी डोळे पुसले. "पोरांनो, इकडे या. माझा नियम मी आजच्यापुरता मोडीत काढतोय. आता जो जिंकेल तो आठवा. बरोबरी झाली तर दोघेही घरी. आणि मी बघतोय तोवर तुम्ही काही खेळणार नाही, म्हणून मी बघणारच नाही. हे दोघे ओरडतायत तोवर तर मुळीच नाही, म्हणून तेही माझ्याबरोबर येणार."

मैदानाच्या कडेचं लांब बाक पोरांनी उचलून उलटं ठेवलं. समोर सायकली आणि त्यांच्यामागे कॉलेजची भिंत, पाठीमागे मैदान. मध्ये तराजूसर, एका हाताला साडू, दुसऱ्या हाताला कर्नल. फोटो काढायला बसवलेल्या नवरदेवांसारखे तिघे ताठ बसले. मागे शिट्टी वाजली.

"मान वळवली त्याचा संघ बाद," सर म्हणाले.

"हे फार होतंय, भाऊ," साडू म्हणाले.

मागे धप्प आवाज झाला, मग कोणीतरी "इकडे, इकडे!" ओरडलं, मग पुष्कळ पाय एकदम पळाले. सकाळी मैदानावरून असा आवाज आलाच नव्हता.

"हे माझे," कर्नल म्हणाले.

"तुमचे कशाने?"

"पावलं ओळखतो मी. शिस्तीत पडतायत."

तेवढ्यात मोठी आरोळी उठली. गोल! तिघेही बाकावर अर्धे उठले आणि परत बसले.

"माझी पोरं ओरडली!" साडू म्हणाले.

"छे! तुमच्या पोरांना गोलनंतर ओरडायची सवय कुठे आहे?"

"कर्नल, निवृत्त होतोय म्हणून ऐकून घेतोय हं!"

"शेंगदाणे घ्या," सर म्हणाले. दोघांनी मूठमूठ घेतले आणि कोणी खाल्ले नाहीत.

थोड्या वेळाने दुसरी आरोळी उठली, पण पहिलीपेक्षा वेगळ्या गळ्यांची. म्हणजे एक-एक, एवढं तिघांनाही कळलं. पहिला कोणाचा आणि दुसरा कोणाचा, ते मात्र देव जाणे. समोर एका सायकलीच्या घंटीत मैदानाचं काही दिसतंय का म्हणून साडू हळूहळू पुढे झुकायला लागले. सरांनी त्यांच्या सदऱ्याला धरून मागे ओढलं. घंटीत तीन घाबरे चेहरे तेवढे दिसत होते.

"इतकी वर्षं मी कडेला उभा राहून ओरडलो," साडू पुटपुटले. "आज गप्प आहे, तर ऐका कसे खेळतायत! हरामखोर!"

मग मागे एकदम शांतता पसरली. पाय थांबल्यासारखे वाटले. आणि लगेच असा काही कल्ला उठला की कॉलेजचा पहारेकरीही त्यात ओरडताना ऐकू आला. पाठोपाठ शेवटची लांब शिट्टी.

तिघांपैकी कोणी मान वळवली नाही. साडूंचे डोळे मिटलेले होते. पंच फिरून त्यांच्यासमोर आले आणि म्हणाले, "दोन-एक."

"कोण?" तिघे एकदम.

सकाळच्या खेळाने पंच अजून वैतागलेले होते. त्यांनी आधी बाटली उघडली, निवांत चार घोट घेतले, तोंड पुसलं. "पिवळे."

साडूंनी डोळे उघडले, पण ते जागचे उठले नाहीत. उठून नाचले असते तर सरांना बरं वाटलं असतं. कर्नलांनी पुढे वाकून हात पुढे केला. "अभिनंदन. खोटं हरण्यात तुम्ही आमच्यापेक्षा कच्चे होतात, तेव्हाच मला शंका आली."

"कोणी मारला शेवटचा?" साडूंनी विचारलं.

"त्या झिपऱ्याने. चेंडू हवेत होता, पोराची पाठ गोलकडे. तसाच उडाला आणि डोक्यावरून उलटी लाथ! अहो, मी असा गोल जन्मात पाहिला नाही."

"मीही नाही!" साडू कळवळून म्हणाले. "माझ्या पोराने जन्मातला गोल मारला आणि मी सायकली मोजत होतो!"

सरांनी कार्यवाहांना फोन लावून "आठवा संघ पिवळा" एवढंच सांगितलं आणि फोन खिशात ठेवेपर्यंत साडू मैदानाच्या मधोमध पोचले होते. "पुन्हा करून दाखवा!" ते ओरडत होते. "अगदी तस्साच!"

पिवळे तयारच होते. गंमत म्हणजे निळेही आले. हरल्याचं दुःख थोडं बाजूला ठेवून जो तो आपली जागा शोधायला लागला. "मी इथे उभा नव्हतो, पडलो होतो," असं म्हणून निळ्यांचा कप्तान गवतावर आडवा झाला. भिंत गोलमध्ये उभी राहिली. तराजूसर आणि कर्नल शेजारी शेजारी, आता रीतसर समोर तोंड करून उभे राहिले.

चेंडू उडाला, झिपऱ्या उडाला, आणि दोघांची भेट झाली नाही. झिपऱ्या पाठीवर पडला.

दुसऱ्या वेळी चेंडू कुंपणापलीकडे गेला. तिसऱ्या वेळी लाथ बरोबर बसली, चेंडू कोपऱ्यात निघाला आणि भिंतीने झेप घेऊन तो झकास अडवला.

"अरे!" साडूंनी कपाळावर हात मारला. "मघाशी सोडलास ना? मग आताही सोड की!"

"सर, मघाशी मी खरंच अडवत होतो!" भिंत कळकळून म्हणाली.

कर्नल सरांच्या कानाशी लागले. "फोन जरा लवकर केलात, नाही?"

तराजूसर हसत सुटले होते. त्यांनी पोट धरलं होतं.

"पुन्हा एकदा!" साडू ओरडले, आणि निळा कप्तान निमूटपणे पुन्हा आपल्या जागी जाऊन पडला.