बर्फातलं बिऱ्हाड

बाबांना पक्षाघात झाला आणि त्यांची वाचा गेली. हात थोडाफार हलायला लागला, पण शब्द काही परत आले नाहीत. अंबरनाथच्या कारखान्यात आयुष्यभर लेथ मशीन चालवलेला, घरात सगळ्यांच्या वर आवाज असलेला माणूस बदलापूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी नुसता बसून असायचा. टीव्ही लावला की चिडायचे. पडद्यावरची माणसं भराभर बोलायची, ते त्यांना उमगायचं नाही. एकदा तर रिमोट भिंतीवर फेकला.

म्हणून मी मूकपट शोधू लागले. विनोदी लावले, त्यांनी तोंड फिरवलं. मग उत्तर ध्रुवाकडच्या एका इन्युइट कुटुंबाचा, शंभरेक वर्षांपूर्वीचा माहितीपट सापडला. शिकारी, त्याची बायको, पोरं, कुत्री. शिकारी सुरीने बर्फाचे ठोकळे कापून घर बांधतो, सगळे त्यात दाटीवाटीने झोपतात. बाबा शेवटपर्यंत हलले नाहीत. संपल्यावर बोटाने खूण केली, परत लाव.

मग रोज दुपारी तेच. आईही भाजी निवडत शेजारी बसायची. "अहो, बघा तरी, एवढ्या थंडीत पोर उघडंच पाठीवर घेतलंय!"

एका प्रसंगात शिकारी बर्फाच्या भोकातून सील हा समुद्री प्राणी दोरीने ओढत असतो. घसरतो, आपटतो, पुन्हा दोरी धरतो. एका दुपारी ते बघताना बाबा एकदम म्हणाले, "ओढ!"

आई ताडकन उठली. "काय म्हणालात? परत म्हणा ना."

बाबांनी जिवाच्या आकांताने प्रयत्न केला. मानेच्या शिरा फुगल्या, ओठ थरथरले, पण घशातून नुसती घरघर आली. मग ते रडायला लागले. नंतर तो प्रसंग कितीदा लावला, पण शब्द आला नाही.

थंडी सरता सरता दुसरा झटका आला. उल्हासनगरच्या हॉस्पिटलात नेलं, तिथून ते परत आले नाहीत.

दिवसकार्य उरकल्यावर आईने विचारलं, "त्या बर्फातल्या माणसांचं पुढे काय झालं गं?"

मी ते आधीच वाचलं होतं. बाबांना सांगितलं नव्हतं, इतकंच. "तो शिकारी थोड्याच काळात गेला. कुणी म्हणतं उपासमारीने, कुणी म्हणतं क्षयाने. आणि ते घरही अर्धंच होतं, आई. आत चित्रीकरणाला उजेड पुरेना, म्हणून एक बाजू उघडी ठेवली होती. ती माणसं तशीच थंडीत झोपायचं नाटक करत होती."

"आणि बायको? तिचं काय झालं?"

"माहीत नाही."

"मग बघ ना जरा."

मी बघितलं. शिकाऱ्याबद्दल, चित्रीकरण करणाऱ्याबद्दल पानंच्या पानं होती. तिच्याबद्दल एवढंच कळलं, की ती त्याची खरी बायको नव्हती. चित्रपटापुरती तशी दाखवली होती. मी मोबाईल बाजूला ठेवला आणि आईला म्हटलं, "काही सापडत नाही गं."